मॅडम, क्युबिट नंतर आले ते बरं झालं

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

ओळख ना पाळख, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात मी तुम्हाला ईमेल पाठवला होता: केमिस्ट्रीचा विद्यार्थी आहे, क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये पीएचडी करायचीय, कोणता कोर्स करू? उत्तरात एकाही कोर्सचं नाव नव्हतं. "हायड्रोजनचा रेणू घे. हार्ट्री-फॉक, मग फुल सीआय, दोन्ही कागदावर कर. क्युबिट नंतर." (पहिली रेणूची ऊर्जा काढायची अंदाजी पद्धत, दुसरी निवडलेल्या बेसिसपुरती अचूक; क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट.)

केलं. सगळ्यात लहान बेसिसमध्ये (इलेक्ट्रॉनचं वर्णन करायच्या फलनांच्या संचात) चार स्पिन-ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी चार जागा, म्हणून चार क्युबिट. सममिती वापरली की दोन पुरतात. "हे तर वहीतच सुटतं, मग यंत्र कशाला?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही खूश झालात. त्यानंतरचा तो लांबलेला व्हिडिओ कॉल मी विसरणार नाही. क्वांटम यंत्रांवरचे प्रयोग तुम्ही एकेक करून काढलेत: 2014 मध्ये व्हीक्यूई पद्धतीने (क्वांटम यंत्र आणि साधा संगणक मिळून सर्वांत कमी ऊर्जा शोधतात) काढलेली हेलियम हायड्राइड आयनाची ऊर्जा, 2017 मध्ये आयबीएमने सहा क्युबिटवर केलेला बेरिलियम हायड्राइड, 2020 मध्ये गूगलची बारा हायड्रोजन अणूंची साखळी. प्रत्येक वेळी तुमचा प्रश्न एकच: "हे लॅपटॉपवर होतं का?" होत होतं. गूगलचं गणित तर हार्ट्री-फॉकचंच होतं! (बातम्यांत हे कुणी सांगत नाही.)

मग तुम्ही नायट्रोजनेझ या एन्झाइमकडे वळलात. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू त्याच्या मदतीने साध्या तापमानाला हवेतला नायट्रोजन फोडतात, कारखान्यात त्यासाठी शेकडो अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. त्या एन्झाइममधल्या सात लोह आणि एका मॉलिब्डेनमच्या पुंजक्यात इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके गुंतलेले असतात की नेहमीच्या पद्धती तिथे अडखळतात. मी हरखून गेलो. दुसऱ्याच दिवशी तुम्ही क्वांटम केमिस्ट गार्नेट चॅन आणि सहकाऱ्यांचा 2023 चा पेपर पाठवलात: रेणूंच्या ग्राउंड स्टेटसाठी (सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेसाठी) क्वांटम संगणकाला सरसकट घातांकी फायदा, म्हणजे रेणू मोठा होईल तशी पटींनी वाढत जाणारी आघाडी, मिळेल, असा पुरावा अजून नाही. सोबत एकच ओळ, "हे वाचूनही यावंसं वाटलं तर ये."

आलो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनच्या सहा हजार कोटींच्या बातम्या वाचून मी जागा शोधत होतो. तुम्ही म्हणालात, मिशन नको, गाइड बघ. कपल्ड क्लस्टर आणि डीएमआरजी या साध्या संगणकावरच्या पद्धती तुम्ही आधी शिकायला लावल्यात, त्याचा उपयोग आज रोज होतो. आमच्या गटात सर्किट लिहिणारे पुष्कळ आहेत, पण अॅक्टिव्ह स्पेसमध्ये (नेमक्या गणितासाठी निवडलेल्या मोजक्या ऑर्बिटलांत) कोणती ऑर्बिटल घ्यायची, हे विचारायला ते माझ्या टेबलाशी येतात.

शिफारसपत्राबद्दल वेगळे आभार. 'कोडिंग कच्चं आहे' हेही तुम्ही त्यात लिहिलं होतंत, असं गाइडनी नंतर हसत सांगितलं. बाकीच्या ओळींवर त्यांचा विश्वास म्हणे त्यामुळेच बसला.

तुमचा विद्यार्थी