राणीमाशीचं अन्न आणि माझी वही

महोदय,

गेल्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत रजोनिवृत्तीच्या त्रासावर मधमाशीची उत्पादनं सुचवणारा लेख वाचला. मध, परागकण, प्रोपोलिस (माश्या पोळ्यातल्या फटी बुजवायला वापरतात तो डिंक), रॉयल जेली अशी सगळ्यांची एकच मोट बांधून 'नैसर्गिक, म्हणून निर्धोक' असा शिक्का मारलेला दिसला. मी २६ वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि गेली तीन वर्षं स्वतः रजोनिवृत्तीत अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफांनी होरपळते आहे, म्हणून लिहिते.

रॉयल जेली, म्हणजे राजान्न, हा मधाचा प्रकारच नव्हे. तरुण कामकरी माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून ते पाझरतं. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना मिळतं, राणी होणार त्या अळीला पुढेही. राणी त्याच्यावर वाढते आणि दिवसाला हजारावर अंडी घालते, तेव्हा बाईलाही ते लाभेल, असा तर्क कुणा विद्यार्थ्याने केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मला या वयात अंडी घालायची नाहीत, रात्री सलग चार तास झोपायचं आहे.

तरी नणंदेने आणून दिलेल्या रॉयल जेलीच्या कॅप्सूल मी घेतल्या. सवयीने वहीही ठेवली: तारीख, वाफ किती वाजता आली, पांघरूण फेकलं की नाही. सुरुवातीला दिवसाला अकरा-बारा वाफा होत्या, सहाव्या आठवड्यात सहा-सात. मी खूश. मग बाटली संपली आणि नवी आणायची राहून गेली. पुढच्या महिन्याच्या नोंदी पाहिल्या, तर आकडा सहा-सातच! कॅप्सूलने कमी झालं, आपोआप कमी झालं की नुसतं मोजत बसल्याने, हे माझी वही सांगू शकत नाही. वाफांवरच्या औषधांच्या चाचण्यांत औषध नसलेली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या बायकांच्या वाफाही बऱ्याच कमी होतात.

जर्मनीतल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर गंमतच झाली. स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधांमुळे वाफांचा त्रास होणाऱ्या बायकांना मधात कालवलेले परागकण दिले आणि तुलनेला नुसता मध. दोन्हींनी दहापैकी साधारण सातजणींना बरं वाटलं, आणि मध तर तिथे केवळ तुलनेपुरताच ठेवला होता. जपानमध्ये ४२ जणींच्या चाचणीत काहींना १२ आठवडे रोज ८०० मिलिग्रॅम रॉयल जेली दिली आणि बाकीच्यांना खोटी गोळी, त्यात फरक दिसला तो चिंता आणि पाठ-कंबरदुखीत. हे काहीच नाही असं मी म्हणत नाही, माझी कंबरही दुखते. पण आपल्या लेखाने वाफा 'हमखास' जातात असं म्हटलं आहे, ते कशाच्या आधारावर?

आता खरी तक्रार. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून दमा आहे. तिचीही पाळी थांबत आलेली, म्हणून मीच मोठ्या हौसेने माझ्या बाटलीतल्या चार कॅप्सूल तिला दिल्या. पहिली घेतल्यावर अर्ध्या तासात तिचा घसा खाजायला लागला, ओठ सुजले, श्वास अडकू लागला. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. बाटलीवर इशाऱ्याचा एक शब्द नव्हता, आणि आपल्या लेखातही नाही. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकातच दम्याच्या रुग्णांना रॉयल जेलीने जीवघेणे झटके आल्याच्या नोंदी झाल्या आहेत. मला हे शिकवायच्या वयात ठाऊक नव्हतं, ते बहिणीला खाटेवर पाहून कळलं.

तेव्हा पुढच्या पुरवणीत एक चौकट छापावी. दमा असेल, परागकणांची किंवा मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल, तर रॉयल जेली, परागकण आणि प्रोपोलिस यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल, स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तरीही आधी विचारावं. आणि वाफांवर सर्वांत परिणामकारक ठरलेला उपचार हार्मोनचा आहे, तो कुणाला चालतो, कुणाला नाही हे डॉक्टर तपासून ठरवतात, एवढं वाक्य तरी लेखात असायला हवं होतं.

माझी वही पाहायची असेल तर पाठवते. अक्षर मात्र पहाटे तीनचं आहे.

— एक निवृत्त शिक्षिका