कुलूप मजबूत, कोयंडा कच्चा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की घर बंद करून गावी जाणाऱ्यांसाठी पोलिसांच्या सूचना आपल्या दैनिकात प्रसिद्ध होतात. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत, शेजाऱ्यांना सांगून जावे, प्रवासाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, या सर्व सूचना योग्यच आहेत. मात्र त्याच दिवसांत घरफोडीच्या ज्या बातम्या येतात, त्यांत बहुतेक वेळा ‘कडी-कोयंडा उचकटून’ चोरटे आत शिरल्याचे लिहिलेले असते आणि त्या कडी-कोयंड्याविषयी कोणीच काही सांगत नाही, म्हणून हे पत्र.

कोथरूडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेत गेल्या वर्षी भरदुपारी एक सदनिका फोडली गेली. पंचनाम्याच्या वेळी संस्थेचा सचिव या नात्याने मी हजर होतो. जाड दांड्याचे कुलूप जसेच्या तसे बंद होते आणि कोयंड्यासकट उंबऱ्याशी पडले होते. कोयंड्याच्या भोकांत अर्धा इंची चार स्क्रू अडकून राहिले होते व त्यांच्या आट्यांमध्ये लाकडाचा भुसा भरलेला होता. कुलपाला कोणी हातही लावला नव्हता. पहारीच्या एका हिसक्याने स्क्रूच दारातून उपटून आले होते. त्यानंतर आम्ही इमारतीतील इतर दारे तपासली, तेव्हा बहुतेक कोयंडे अशाच आखूड स्क्रूंवर बसवलेले आढळले.

चांगली कुलुपे आपल्याकडे मिळत नाहीत, असे मुळीच नाही. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलुपांचा उद्योग सुरू केला, अलीगढची कुलुपे तर देशभर जातात. उणीव आहे ती कुलूप बसवण्याच्या कामात. कोयंडा स्क्रूंऐवजी दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवून आतल्या बाजूने पट्टी व नट लावले, तर तो सहजासहजी उपटता येत नाही. लॅचचेही तसेच आहे. दार नुसते ओढून घेतल्यावर बसणारी तिरकी जीभ स्प्रिंगवर चालते आणि फटीतून पातळ पट्टी सरकवून ती मागे ढकलता येते. चावी फिरवून बाहेर येणारा डेडबोल्ट असा मागे जात नाही. मात्र तो बोल्ट चौकटीतील ज्या खाचेत शिरतो तिथली पट्टी आखूड स्क्रूंवर असेल, तर दोन लाथांत चौकट फाटते. तिथे तीन इंची स्क्रू हवेत. आजकाल फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट असलेले तयार दार, सर्रास बसवले जाते, पण त्याचा गाभा भरीव आहे की पोकळ, हे सदनिका घेताना कोणी विचारत नाही. कुलपाचा सिलिंडर, म्हणजे चावी जिथे घालतो तो नळीसारखा भाग, पत्र्याबाहेर डोकावत असेल, तर तो पान्यात पकडून मोडता येतो, हेही फार थोड्यांना ठाऊक असते.

नव्या किंवा भाड्याच्या घराबाबत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ताबा मिळण्याआधी त्या दाराची चावी रंगारी, सुतार, प्लंबर, दलाल अशा अनेकांच्या हातांतून गेलेली असते. अशा वेळी संपूर्ण कुलूप बदलण्याची गरज नसते, नुसता सिलिंडर बदलला तरी जुन्या चाव्या निरुपयोगी होतात. दुसऱ्या चावीने दार उघडून चोरी झाली, तर मोडतोडीच्या खुणा राहत नाहीत आणि बळजबरीच्या प्रवेशाची अट असलेल्या विमा पॉलिसीत भरपाई मिळणेही अवघड होते.

सुरक्षिततेच्या भरात दुसरे टोकही गाठू नये. आतून उघडायलाही चावी लागेल असे कुलूप मी कोणालाही सुचवणार नाही. आग लागल्यावर धुरात चावी शोधत बसावे लागणे फार भयंकर आहे. आतून हाताने फिरवण्याची मूठ असलीच पाहिजे. वाऱ्याने लॅच लागून लहान मूल आत अडकल्यावर अग्निशमन दलाला धावावे लागल्याच्या बातम्या आपणही छापता. दुसरी चावी विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे असेल, तर ती वेळ टळू शकते.

आता मूळ मागणी. ही कामे जाणकाराकडूनच व्हायला हवीत, पण असा जाणकार शोधायचा कुठे? सामान्य कुटुंबासमोर रस्त्यावरचा चावीवाला किंवा गल्लीत ओरडत येणारा अनोळखी माणूस एवढाच पर्याय असतो. कपाटाची चावी बनवण्याच्या निमित्ताने घरात शिरून, तेल किंवा गरम पाणी आणायला सांगून दागिने लांबवल्याचे प्रकार वारंवार घडतात. त्यामुळे वर्षानुवर्षे एकाच चौकात बसून इमानाने काम करणाऱ्या कारागिरांकडेही लोक संशयाने पाहतात, हा त्यांच्यावर अन्याय आहे. भाडेकरूंची माहिती आपण पोलीस ठाण्यात देतो, त्याच धर्तीवर प्रत्येक ठाण्याने आपल्या हद्दीतील चावी-कुलूप कारागिरांची नोंद करून त्यांना छायाचित्रासह ओळखपत्र द्यावे आणि ती यादी गृहनिर्माण संस्थांना उपलब्ध करावी. कारागिरानेही दार उघडून देण्यापूर्वी घरमालकाचा ओळखीचा पुरावा पाहावा व कामाची पावती द्यावी. आयटीआयमध्ये फिटर आणि सुतारकाम शिकवले जातेच, त्याला जोडून कुलूपजोडणीचा लहान अभ्यासक्रम ठेवल्यास तरुणांना सन्मानाचा रोजगार मिळेल.

पोलीस आयुक्तालयाने यंदाच्या दिवाळीपूर्वी निदान एका ठाण्याच्या हद्दीत ही नोंदणी सुरू करावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. आमच्या संस्थेतर्फे लागेल ते सहकार्य करण्यास आम्ही तयार आहोत.

आपला विश्वासू,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, कोथरूड, पुणे