विश्वामित्रीला तिची जागा द्या

महोदय,

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी आले होते. ओसरल्यावर उरला वीतभर चिखल आणि त्यात रुतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. पावागडाहून वडोदऱ्यात येणाऱ्या विश्वामित्री नदीचे नाले, काठची खोलगट जमीन आपण भराव टाकून बुजवली. मग तिने जावे कुठे? सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या आजवा तलावाचे पाणी वडोदरा आजही पिते. आपण नातवंडांसाठी काय राडारोडा ठेवणार? नदीकाठी भराव टाकणे आधी थांबवा. काठची झाडे, मगरींची बिळे तरी राहू द्या. कमाटीबागेच्या पुलावर माझी नात मगर दिसेल म्हणून कठड्याला धरून उभी असते, हलायला तयार नसते.

— एक आजी, कारेलीबाग, वडोदरा