लियोंच्या तुरुंगातली ती दहा माणसं

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोहोचलं. भावाच्या मातीच्या दिवशी तू सगळ्यांदेखत ‘देव नाहीच’ म्हणालास आणि नंतर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाऊल टाकलं नाहीस. आता यावंसं वाटतं, पण कोणत्या तोंडाने येऊ, असं तू विचारतोस. त्याहीपेक्षा तुझं पुढचं वाक्य मला लागलं : ‘तसल्याच दुःखात ज्यांनी विश्वास सोडला नाही, त्यांच्या शेजारी बसायची मला लाज वाटते.’

याचं उत्तर मी माझ्या पदरचं देणार नाही. इ. स. १७७ मध्ये जे घडलं, ते सांगतो.

गॉल प्रांतातलं लुग्दुनुम, म्हणजे आजचं फ्रान्समधलं लियों. सम्राट मार्कस ऑरेलियसचा काळ. ख्रिस्ती लोकांना आधी स्नानगृहं आणि बाजार बंद झाले, मग जमावाचा मार, मग तुरुंग. जे मागे उरले त्यांनी आशिया आणि फ्रुगियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्यांना सगळी हकिगत पत्राने कळवली. चौथ्या शतकातला बिशप युसेबियस याने त्या पत्राचा मोठा भाग आपल्या ‘मंडळीचा इतिहास’ या ग्रंथात उतरवून ठेवला, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

त्यातली ब्लांडिना तुला आठवत असेल. गुलाम बाई, अंगाने नाजूक. तिची मालकीणही पकडली गेली होती, आणि ही छळापुढे टिकेल का याची तिलाच धास्ती होती. छळणारे सकाळपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीने थकले. ब्लांडिना एवढंच म्हणत राहिली, ‘मी ख्रिस्ती आहे, आमच्यात काही वाईट घडत नाही.’ प्रवचनांत तिचा शेवट सांगतात, जाळ्यात गुंडाळून तिला बैलापुढे टाकलं तो. तो सांगायलाच हवा. पण त्याच पत्रातल्या दुसऱ्या काही माणसांबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि मला वाटतं तुझ्यासाठी ती जास्त महत्त्वाची आहेत.

पहिल्या चौकशीत सुमारे दहा जण ढासळले. त्यांनी ख्रिस्ताला नाकारलं. पत्र हे झाकत नाही. छळापेक्षा आपल्यातलं कोणी गळेल याचीच आम्हाला जास्त भीती होती, असं लिहिणारे स्पष्ट सांगतात. मंडळीला ते आई म्हणतात, आणि या दहांना त्या आईच्या पोटातून पडलेली लेकरं. इतकं दुःख. नाकारून त्या माणसांच्या हाती काही लागलंही नाही. खुनासारखे गुन्हे माथी मारून त्यांनाही त्याच तुरुंगात कोंडलं. नाकारणारे आणि न नाकारणारे एकत्र. पहिल्यांची मान खाली, चेहरा उतरलेला.

आता तुझी कल्पना बघ. तुला वाटतं, टिकून राहिलेली माणसं अशा वेळी तुच्छतेने बघत असतील. त्या तुरुंगातले लोक तसे वागले नाहीत. आपल्याला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव देणारे, म्हणू नका, तो मान ख्रिस्ताचा आणि मरेपर्यंत टिकलेल्यांचा, असं ते सांगायचे. पडलेल्यांपुढे त्यांनी बढाई मारली नाही. आपल्याजवळ जे भरपूर होतं ते त्यांना दिलं, आईच्या मायेने त्यांच्यासाठी पित्यापुढे रडले. त्यांनी जीवन मागितलं आणि त्याने ते दिलं. कोणावर आरोप केला नाही, सगळ्यांना मोकळं केलं. छळणाऱ्यांसाठीसुद्धा, पहिला रक्तसाक्षी स्तेफन याच्यासारखी, प्रार्थना केली.

ब्लांडिनाला एकदा खांबाला टांगून श्वापदांपुढे सोडलं होतं. श्वापदांनी तिला शिवलंही नाही. टांगलेल्या त्या बाईकडे बघताना तिच्या सोबत्यांना वधस्तंभावरचा प्रभू दिसला. मग तिला उतरवून परत कोठडीत नेलं. कैद्यांचं काय करायचं हे सम्राटाला विचारलं होतं, त्याचं उत्तर यायचं होतं, आणि तो मधला काळ वाया गेला नाही, असं पत्र म्हणतं. ख्रिस्ताची अमर्याद दया त्याच दिवसांत दिसली. जिवंतांमुळे मेलेले जिवंत झाले, गमावलेली लेकरं आईला परत मिळाली.

सम्राटाचा हुकूम आला : नाकारतील त्यांना सोडा, बाकीच्यांना मारा. पूर्वी नाकारलेल्यांना पुन्हा वेगळं उभं केलं ते सुटकेसाठीच. एक शब्द बोलायचा आणि घरी जायचं. त्यांच्यातल्या बहुतेकांनी ‘आम्ही ख्रिस्ती आहोत’ म्हटलं.

बिब्लिस नावाची बाई तर त्याआधीच परतली होती. तिनेही नाकारलं होतं, आणि ती घाबरट म्हणून ख्रिस्ती लोक मुलं खातात असं तिच्याकडून वदवून घ्यायला तिला पुन्हा छळायला घेतलं. गाढ झोपेतून जागी व्हावी तशी ती शुद्धीवर आली. म्हणाली, जे मुक्या जनावरांचं रक्तही खात नाहीत, ते मुलं कशी खातील? पत्रात तिचं नाव रक्तसाक्ष्यांमध्ये आहे.

सगळेच परतले नाहीत, हेही पत्र लिहितं. दया म्हणजे काही घडलंच नाही असं समजणं नव्हे. बिब्लिसला परतण्याची किंमत पडली. पण दार आतून कोणी लावलं नव्हतं. पुढे २५१ च्या सुमारास रोममध्ये नोवेशियन नावाच्या पाळकाने, छळात ख्रिस्ताला नाकारलेल्यांना कायमचं बाहेर ठेवा म्हटलं, तेव्हा मंडळीने त्याचं ऐकलं नाही. बरं केलं. नाहीतर येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्रालाही जागा उरली नसती.

तू रागाच्या भरात, भावाच्या कबरीशी बोललास. त्या दहांनी जे केलं त्यापेक्षा तुझ्या बोलण्याचं वजन जास्त आहे असं मला मुळीच वाटत नाही. आणि ज्यांच्या शेजारी बसायची तुला लाज वाटते, त्यांच्यातल्या कितीजणांनी इतकी वर्षं तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, ते मी जवळून पाहिलं आहे. तुझ्या भावाचं नावही तिथे अजून घेतलं जातं.

पाळकांशी आधी बोलू का, असं विचारलंस. बोलायचं असेल तर जरूर बोल, ते ऐकून घेतील. पण त्यासाठी अडून राहू नकोस. येत्या रविवारी ये. मी फाटकापाशी थांबतो, वहिनी आणि मुलांनाही आण. उपासना झाली की जेवायला आमच्याकडेच.

तुझाच,
जुना मित्र