पहिल्या फेरीआधीचे दोन सामने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या क्रीडा पानावर खाली तीन ओळींची बातमी होती, ‘बेळगावचा टेनिसपटू पहिल्याच फेरीत गारद’. तो टेनिसपटू माझा थोरला मुलगा. बातमी खोटी नव्हती, तो हरला. पण त्याआधी रविवारी आणि सोमवारी त्याने पात्रता फेरीचे दोन सामने जिंकले होते. दुसरा तर तिसऱ्या सेटऐवजी खेळवतात त्या दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये, १२-१० असा. त्याचा उल्लेख कुठेच नव्हता. त्याच्या आईने पेपर घडी करून फळीवर ठेवला आणि दिवसभर त्याविषयी एक शब्द काढला नाही. म्हणून हे पत्र.

उद्यमबागेत माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. टेनिस मला पोरामुळे कळले. १५,००० डॉलरची स्पर्धा म्हटले की लोकांना वाटते, केवढा पैसा! ती सगळ्यांची मिळून रक्कम असते. एकेरी जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर आणि पात्रता फेरीत हरला तर काहीच नाही. राहणे, जेवण, प्रवास ज्याचा त्याने बघायचा. मुख्य फेरीतला पहिला सामना जिंकला तर जागतिक क्रमवारीचा एक गुण मिळतो. एकच. तोही ५२ आठवड्यांनी गळून जातो. त्या एका गुणासाठी पोरे वर्षानुवर्षे फिरतात.

आमच्या घरचा आठवडा गुरुवारी ठरतो. ज्या सोमवारी स्पर्धा सुरू होणार, त्याच्या अठरा दिवस आधीच्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला नाव द्यायची मुदत संपते. मग यादी लागते. मुख्य फेरीत नाव नसणार हे माहीत असते. पात्रता फेरीत आहे की राखीव यादीत, एवढेच बघायचे. राखीव यादीत असले तर कुणी माघार घेतो का याची वाट बघत बसायचे, आणि रेल्वेचे तिकीटही तोवर वेटिंगलाच. दोनदा आम्ही आयत्या वेळी तिकीट रद्द केले आहे. एकदा मात्र तो रात्रीच्या बसने उभ्याने पुण्यापर्यंत गेला, नाव आत आले होते म्हणून.

गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा ओढून बसवायचे काम, मी स्वतः करतो. बाहेरगावी दर रॅकेटमागे पैसे मोजावे लागतात, ते परवडेना, म्हणून जुने मशीन घेतले आणि वर्कशॉपमध्येच बसवले. उभ्या १६ तारा, आडव्या १९, ताण ५२ पौंड. उभ्या तारा पटकन होतात. आडवी तार एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी विणत न्यावी लागते, आणि पॉलिएस्टरची तार ओढताना उजव्या तर्जनीच्या पेरावर काप पडतो. तिथे आता घट्टा झाला आहे. २०० मीटरचे रीळ साधारण सोळा रॅकेटींना पुरते. तार तुटली नाही तरी मरते, चेंडू पकडत नाही, हे मुलाने मला शिकवले. तो निघायच्या आदल्या रात्री तिन्ही रॅकेटी तयार करून मी तळव्यावर ठोकून आवाज ऐकतो. तिघींचा आवाज एकसारखा आला की झोपायला जातो.

दोन वर्षांपूर्वी त्याला तीन आठवडे ट्युनिशियातल्या मोनास्टिरला पाठवले. तिथे जवळजवळ दर आठवड्याला अशी स्पर्धा असते, म्हणून जगभरची पोरे तिकडे जातात. त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढले. आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिल्या. सामने आम्ही मोबाईलवर बघायचो. चित्र नाही, नुसते आकडे. आकडा बदलला नाही की हिचा जीव वर-खाली. दुखापत झाली असेल का, पाणी पितोय का, काही कळत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागलने सांगितले होते की आपल्या खात्यात ९०० युरो उरले आहेत. तेव्हा तो देशातला अव्वल टेनिसपटू होता. ते वाचून मी रात्रभर जागा होतो. पुढच्या जानेवारीत त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवले तेव्हा सगळ्यांनी पहिल्या पानावर छापले, आणि छापायलाच हवे होते. पण तो मधल्या काळात कसा तगला असेल, हे आमच्यासारख्या घरांना आधी आठवते.

२०२३ च्याच ऑक्टोबरात धारवाडला २५,००० डॉलरची स्पर्धा झाली. इथून दोन तासांचा रस्ता. मुलगा पात्रता फेरीत हरला, तरी आम्ही आठवडाभर जाऊन-येऊन सामने बघितले. बेळगावचे ओळखीचे चेहरे मला दोनच दिसले. कुणाला दोष देत नाही. स्पर्धा आहे हेच लोकांना ठाऊक नव्हते. मुलाचा दुहेरीतला जोडीदार हुबळीचा, घरी कन्नड बोलणारा. कोर्टवर दोघांची भाषा ठरलेली आहे: चेंडू बाहेर जातोय वाटले की ‘बिडू!’, स्वतः घेणार असेल तर ‘नंदू!’. आमचा पोरगा आता घरी जेवतानासुद्धा पोळी नको असली की ‘बिडू’ म्हणतो आणि आई हसते.

माझी विनंती एवढीच. या स्पर्धांचे निकाल संकेतस्थळावर रोज लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठलाही आपला मुलगा किंवा मुलगी पात्रता फेरीत खेळत असेल, तर जिंकलेले सामने आधी लिहा, हरलेला नंतर. ‘गारद’ हा शब्द तीन सेट झुंजलेल्या पोरासाठी वापरू नका. त्या दिवशी तो तिसऱ्या मानांकिताकडून ७-६, ४-६, ५-७ असा हरला आणि तळपायाला फोड आलेले असताना संध्याकाळी दुहेरीही खेळला. आणि जवळपास स्पर्धा असेल तर आठ दिवस आधी दोन ओळी छापा, लोक जातील.

यादी लागली आहे. पात्रता फेरीत नाव आहे. शुक्रवारी रात्रीची गाडी, तिकीट कन्फर्म आहे. तिन्ही रॅकेटींचे काम आज रात्री करायचे आहे.

आपला,
एका टेनिसपटूचा बाप
उद्यमबाग, बेळगाव