मिस्त्री मामा, तुम्ही आईला विचारलंत

मिस्त्री मामा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मातीच्या घराच्या भिंतींचं काम संपून दोन महिने झाले. हिशोब त्याच दिवशी चुकता झाला, तुम्ही चहा घेतलात, थापी आणि ओळंबा पिशवीत टाकलात आणि वणीच्या बसची वेळ झाली म्हणून निघालात. मी फाट्यापर्यंत सोडायला आलो होतो. सांगायचं खूप होतं, पण गळा दाटून आला आणि बस निघून गेली. म्हणून आता लिहितो आहे. नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवील. उघड लिहितो आहे, कारण हे आणखी चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या आधी या घरात तीन जण येऊन गेले. पहिल्या ठेकेदारानं ‘मातीचं घर पक्कं करून देतो’ म्हणत भिंतींना बाहेरून जाळी ठोकली आणि सिमेंटचं प्लास्टर चढवलं. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि मातीतून वाऱ्याउन्हानं निघूनही जाते. आजोबांच्या दोन फुटी भिंतींनी सत्तर वर्षं हेच केलं होतं. सिमेंटनं ती वाटच बुजवली. पहिल्या पावसाळ्यात पायथ्याशी लोणा, म्हणजे ओलीचा पांढरा खार, फुटला. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री प्लास्टरचा भला मोठा पापुद्रा मातीसकट अंगणात आला. तेव्हापासून त्या माणसानं माझा फोन उचललेला नाही.

दुसऱ्यानं भगदाडं बुजवली ती शेतातली काळी माती आणून. पाण्यानं फुगणारी आणि मे महिन्यात बोट जाईल एवढी भेगाळणारी माती भिंतीत भरायची नसते, हे कपाशीच्या मुलखातल्या माणसाला कोणी सांगावं लागतं का? तो आपल्याच भागातला होता, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तिसऱ्याबद्दल लिहिताना अजूनही हात थरथरतो. ते शिकलेले साहेब होते. ओसरीवर उभे राहून, बाजेवर आई पडलेली असताना, ते मला म्हणाले, “हा मातीचा ढिगारा आहे. जेसीबी लावा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.” आई जागी होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती दोन वर्षं त्याच बाजेवर आहे. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि नंतर घराबद्दल एक शब्दही बोलली नाही. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, गळाले तर गळाले, भिंत पडली तर पडली. सांगणंच सोडून दिलं तिनं.

मग मामेभावानं तुमचं नाव सांगितलं. आईच्या माहेरगावचे, म्हणून मी तुम्हाला मामा म्हणू लागलो.

तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला मागची पडलेली भिंत दाखवायला निघालो होतो. तुम्ही माझ्यामागे आलाच नाहीत. चपला पायरीखाली काढून तुम्ही सरळ आईच्या बाजेशी जाऊन उकिडवे बसलात आणि छपाईबद्दल, म्हणजे भिंतींच्या लिंपणाबद्दल, विचारलंत, “बाई, या घराची छपाई कोन करत होतं?”

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मीच. दरसाल, दिवाईच्या आंदी.”

“कायची करत होत्या?”

मामा, तो प्रश्न मला कधी सुचला नव्हता. पन्नाशी उलटली माझी. लहानपणी मी तिचे हात कोपरापर्यंत चिखलात पाहिलेले आहेत, पण त्या चिखलात काय असतं ते कधी विचारलं नाही. ती सांगत गेली. गढीजवळची पांढरी माती, गव्हाचं कुटार म्हणजे भुसा, शेण. आठ दिवस भिजू द्यायचं, रोज तुडवायचं. आणि मग वाख, म्हणजे अंबाडीच्या सालीचे धागे, “शेवटच्या हाताले अंबाडीचा वाख कापून टाका लागते, नाही तं तडे जातेत.”

तुम्ही मान वर केलीत. तुमचे मजूर, मी, माझी बायको, सगळ्यांसमोर म्हणालात, “वाखाचं मले माहीत नोतं, बाई.”

चाळीस वर्षं भिंती बांधणारा माणूस बाजेवरच्या म्हातारीला हे सांगतो! मी त्या क्षणाला पुन्हा पुन्हा आठवतो. ज्याला काही येत नाही तो सगळं येतं म्हणून सांगत सुटतो, आणि ज्याच्या हातात खरंच कसब आहे तो विचारतो, ऐकतो. अशी माणसं गावोगावी आहेत. विहीर बांधणारी आहेत, वखराला फाळ बसवणारी आहेत, बाळंतिणीला शेकणारी आहेत. आपण त्यांच्याकडे शेवटी जातो, सगळीकडे पैसे घालवून झाल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रोज सकाळी गाऱ्याचा एक गोळा आईच्या हातावर आणून ठेवत होतात. “पाहा बरं, बाई. जमला काय?” ती तो दाबायची, बोटांत घासायची, कधी वास घ्यायची. चौथ्या दिवशी तिनं परत केला. “कुटार कमी हाय. अजून तुडवा लागते.” तुम्ही दोन्ही पोरांना पुन्हा खड्ड्यात उतरवलंत. संध्याकाळी मी हळूच विचारलं, गारा खरंच कच्चा होता की तुम्ही आईचं मन राखलंत? तुम्ही माझ्यावर चिडलात. “मन राखाले भिती लिपत नसते कोनी.”

त्या रात्री आईनं दोन भाकरी खाल्ल्या.

बाकी कामाचं काय सांगू, ते घरावर दिसतंच आहे. पडलेल्या भिंतीची माती तुम्ही फेकू दिली नाहीत, भिजवून त्याच भिंतीत परत लावलीत. सिमेंटचे तुकडे मात्र अजून कुंपणाशी पडून आहेत, त्यांचं काही होत नाही. पायथ्याला, जिथं पागोळ्यांचं पाणी उडतं, तिथं तुम्ही राजूरच्या भट्टीचा चुना आणि विटांची सुरखी वापरलीत. सागाच्या एका मयालीला, म्हणजे तुळईला, उधई (वाळवी) लागली होती, तेवढाच तुकडा बदललात. बाकीचं लाकूड, तुम्ही म्हणालात, आपल्या दोघांपेक्षा जास्त जगेल.

चुलतभाऊ म्हणतो, एवढ्या पैशात थोडी भर घातली असती तर स्लॅब पडला असता. मी त्याला सेवाग्रामला घेऊन गेलो. गांधीजी 1936 साली तिथं राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव होतं. बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहे, आणि आजही उभी आहे, कारण तिला लिंपणारे, शाकारणारे हात कधी थांबले नाहीत. तो आत बराच वेळ जमिनीवर बसला होता. परत येताना स्लॅबचं काही बोलला नाही.

आता आमच्याकडचं. आईची बाज आम्ही ओसरीवरून माजघरात, नव्या भिंतीशी नेली आहे. तिनंच सांगितलं. पडल्या पडल्या हात पुरतो तिथवर ती भिंत चाचपत असते. अजून एकही तडा नाही. कोणी भेटायला आलं की ती सांगते, “छपाई माह्या हातची हाय.” आम्ही कोणी तिला खोडून काढत नाही, कारण ते खरं आहे.

परवा वानरांनी न्हाणीवरची पंधरा-वीस कवेलू फोडली. रोहिणी लागायच्या आत फेरायला या. यंदाचा गहू निघाला आहे, कुटाराची दोन पोती वेगळी बांधून कोठ्यात ठेवली आहेत. अंबाडीचा वाख मिळाला आहे. तो मी कापायला घेतला तर आईनं ओरडून थांबवलं. मिस्त्री आल्यावरच कापायचा म्हणते, तुम्हाला लांबी दाखवायची आहे तिला.

तुमचा भाचा