आवाहन : बार्शी लाइटच्या छोट्या गाडीचं घरात जे उरलं असेल, ते दाखवा

सप्रेम नमस्कार.

बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे मिरज-पंढरपूर-लातूर भागातली अरुंद रुळांची छोटी गाडी. तिच्या इंजिनांबद्दल लिहिलेलं भरपूर सापडतं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरने अडीच फुटी (762 मिमी) रुळांवर काय करून दाखवलं, हे जगभरचे रेल्वेवेडे आजही चवीने सांगतात. दर यार्ड (तीन फूट) लांबीला जेमतेम 30 पौंड वजनाचे रूळ, पण भरलेली वाघीण असो की इंजिन, एका आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्यातून आठ चालक चाकांची इंजिनं बनवून घेतली. गाड्या इकडे येण्याआधी तिकडेच रूळ टाकून त्यांची चाचणी झाली.

त्या रुळांच्या कडेला जी स्टेशनं होती, तिथे कोण राबत होतं, हे मात्र शोधायला गेलं की हाती फारसं लागत नाही. कंदील कोण पेटवायचं, यात्रेच्या दिवसांत तिकीट खिडकीवर किती जण बसायचे, इंजिनात पाणी भरेपर्यंत उतारू काय करायचे? हे कागदांत नाही, माणसांकडे आहे. आणि ती माणसं आता थकली आहेत. म्हणून या आठवणी आणि वस्तूंची नोंद करणाऱ्या आमच्या समितीचं हे आवाहन.

नव्या पिढीसाठी थोडं मागचं सांगतो. पुणे-सोलापूर मुख्य लाइन बार्शीला बाजूला ठेवून गेली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा नाव होतं 'बार्शी रोड', आणि बार्शी तिथून सुमारे 35 किलोमीटर! पाटीवर गावाचं नाव, पण गावाला जायचं तर बैलगाडी जुंपायची. पंढरीच्या यात्रेकरूंनाही तिथेच उतरून पुढचा रस्ता धरावा लागे. 1897 साली बार्शी रोड ते बार्शी टाउन छोटी गाडी सुरू झाली. 1906 ला ती पंढरपूरला पोहोचली, 1911 ला निजामाच्या मुलखातल्या लातूरला, 1927 ला मिरजेला. एकूण 202 मैल. आषाढी-कार्तिकीला डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या डब्यांतूनही वारकरी नेले जात. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ही गाडी चालवणारी कंपनी विकत घेतली. पुढे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज (रुंद रूळ) होत गेलं. 2008 पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्गावरची छोटी गाडी इतिहासजमा झाली.

ब्रॉडगेजबद्दल तक्रार नाही, ते हवंच होतं. पण रूळ बदलताना फलक, वह्या, फोटो यांचं काय झालं, याची वास्तपुस्त आपल्यापैकी कुणीच केली नाही. त्यात आम्हीही आलोच.

आम्हाला काय हवं आहे? पुठ्ठ्याची जुनी तिकिटं, पास, वेळापत्रकं, बदलीचे आणि बढतीचे हुकूम, निरोपसमारंभाचे फोटो. लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो असेल आणि मागे स्टेशनाची नुसती कड दिसत असेल, तरी तो आणा. असाच एखादा फोटो इमारतीचा जुना नकाशा नक्की करायला उपयोगी पडतो. फोटोतल्या माणसांची नावं मागे लिहायची असतील तर पेन्सिलने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. वस्तू आमच्याकडे ठेवून घेण्याचा हट्ट नाही. तुमच्यासमोर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. उत्साहाच्या भरात रेल्वेच्या आवारातून फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), घंटा किंवा पाटी उचलून आणू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा 1966 च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि समितीला पोलीस चौकीत बसण्याची हौस नाही. लिलावात रीतसर घेतलेली वस्तू असेल तर पावतीसह दाखवा.

सगळ्यात जास्त गरज आठवणींची आहे. गँगमन (रुळांची देखभाल करणारे), पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे), फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारे), गार्ड, हमाल, कुर्डुवाडीच्या कारखान्यातले कामगार, स्टेशनच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मुलं, सगळ्यांचं ऐकायचं आहे. क्वार्टरमधल्या बायकांना तर आजवर कुणी विचारलंच नाही. गाडीच्या वेळेवर त्यांची चूल पेटायची, डबा भरायचा. आम्ही घरी येऊ. तासाभराचं बोलणं रेकॉर्ड करू. जे छापू नये असं सांगाल, ते छापणार नाही. एखादी तारीख आठवत नसेल तर राहू द्या, ती आम्ही शोधू.

पैशांचंही बोलायला हवं. स्कॅनर, कागद टिकवणारी आम्लमुक्त पाकिटं आणि रेकॉर्डिंग जपायला दोन हार्ड डिस्क, एवढाच खर्च आहे. जमेल ती देणगी द्या, प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि हिशेब वाचनालयाच्या फलकावर लागेल. पण पैसे आणि आजोबांची आठवण यांतलं एकच देणं शक्य असेल, तर आजोबांना आधी भेटवा.

संध्याकाळी वाचनालय उघडं असतं, तेव्हा आम्ही तिथेच भेटू. पायऱ्या चढणं जमत नसेल तर शेजारच्या मुलाकरवी नुसता निरोप धाडा.

आपला,
कार्यवाह, समितीच्या वतीने